तंजावरची बाहुली आणि हातातला रिमोट

नवरात्र आले की तंजावरमधल्या कितीतरी घरांत बैठकीची खोली बाहुल्यांची होऊन जाते. तीन, पाच, सात अशा विषम संख्येच्या पायऱ्या, त्यांवर पांढरे वस्त्र आणि वर देवदेवतांपासून वाण्याच्या दुकानापर्यंत सारा संसार. याला तिकडे कोलू म्हणतात. त्यात राजा-राणीची एक जोडी हमखास असते. कितीही आडवी पाडा, डुलत डुलत पुन्हा उभी! तंजावरवर १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, त्यामुळे मराठी घरांनाही ही बाहुली परकी नाही.

आता याच खोलीत कुणी हात हलवून खेळायचा नवा व्हिडिओ गेम आणून टीव्हीला जोडला तर? आजी पहिल्यांदा ओरडेल ती पायऱ्यांवरच्या मातीच्या बाहुल्यांसाठी, आणि तिचे बरोबरच असेल. पण गंमत अशी की, त्या राजा-राणीचे आणि मुलाच्या हातातल्या रिमोटचे गुपित एकाच शक्तीत आहे.

बाहुलीचा तळ गोल आणि जड असतो. ती कलली की तिचा गुरुत्वमध्य वर उचलला जातो, आणि पृथ्वी त्याला परत खाली ओढते. म्हणून ती उठते. रिमोटच्या पोटात सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक इवलेसे वजन असते. हात झटकला किंवा रिमोट कलला की ते किंचित सरकते, आणि त्या सरकण्यावरून यंत्राला हालचाल कळते. खाली कुठली बाजू, हेही त्याला पृथ्वीच्या ओढीनेच समजते.

निंटेंडो या जपानी कंपनीने नोव्हेंबर २००६ मध्ये ‘वी’ नावाचा संच आणला आणि ही करामत घरोघरी नेली. जगभरात असे दहा कोटींहून अधिक संच विकले गेले. त्याच्यासोबत टीव्हीवर ठेवायची एक पट्टी मिळे. सगळ्यांना वाटे, हीच पट्टी आपल्याला पाहते. प्रत्यक्षात तिच्यात अवरक्त किरण सोडणाऱ्या दिव्यांपलीकडे काहीच नव्हते. पाहणारा डोळा रिमोटच्या टोकाला होता! पट्टी बिघडली तेव्हा काही हुशार मंडळींनी टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून खेळ चालवला. पुढे २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘काइनेक्ट’ने रिमोटही काढून टाकला, कॅमेरा खेळणाऱ्याचे अंगच पाही. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. निंटेंडोच्या जून २०२५ मधल्या ‘स्विच २’ संचाच्या सुट्या होणाऱ्या रिमोटमध्ये मात्र हालचाल ओळखण्याची सोय आहेच.

असा संच घरी आणावा का? “मुलगा बसून राहणार नाही, व्यायाम होईल,” या आशेने आई-वडील तयार होतात. ही आशा अर्धीच खरी आहे. २००७ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध झाली. बसून खेळण्यापेक्षा ‘वी’वर शक्ती निश्चित जास्त खर्च होत होती, पण तोच खेळ मैदानावर खेळण्याइतकी नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका डॉक्टरची हकिकत आली. टीव्हीवरचे टेनिस तासन्‌तास खेळून त्याचा खांदा धरला होता! उपाय काय, तर आठवडाभर वेदनाशामक आणि खेळ बंद.

शिवाय मुले फार लबाड. पहिले दोन दिवस पोरगा घामाघूम होतो. तिसऱ्या दिवशी त्याला कळते की सोफ्यावर लोळून नुसते मनगट झटकले तरी चेंडू जातो. यंत्र झटका मोजते, मेहनत नाही. तंजावरच्या बाहुलीला असे फसवता येत नाही.

मग याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो व्यायामाचा नव्हे. नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये डझनभर बटणे असतात, आणि ती पाहूनच आजोबा चष्मा काढून बाजूला होतात. इथे हात मागे नेऊन पुढे टाकला की चेंडू घरंगळतो. गोट्या आणि विटीदांडू खेळलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही. पहिल्या तासात आजोबांनी नातवाला हरवणे अगदी शक्य आहे, आणि तो तास नातू विसरत नाही. म्हणून दुकानात किंवा शेजाऱ्यांकडे संच आजमावताना एकट्या मुलाच्या हाती देऊ नये. घरातल्या सर्वांत वडील माणसाला आधी उभे करावे. त्यांना तो जमला नाही, आवडला नाही, तर पैसे वाचवून मुलाला खरी बॅट घ्यावी.

घेतलाच तर रिमोटची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळू देऊ नये. दोऱ्या तुटून टीव्ही फुटल्याच्या तक्रारींवरून २००६ च्या डिसेंबरमध्येच कंपनीने लाखो दोऱ्या बदलून देऊ केल्या होत्या. डोक्यावरचा पंखा उंच आहे ना, हे पाहावे. आणि नवरात्राचे नऊ दिवस संच कपाटात ठेवावा.