सावित्रीकाठची पाणथळ जमीन आणि रामसर करारावरील आक्षेप

पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. महाराष्ट्रातले पहिले स्थळ, नांदूर मध्यमेश्वर, यादीत यायला मात्र २०२० उजाडले. पोलादपूर-महाडवरून बाणकोट खाडीकडे जाणारी सावित्री त्या यादीत नाही.

अशा नोंदीमुळे जमिनीवरचा देशाचा हक्क जातो, हा पहिला आक्षेप. करारातच याचे उत्तर आहे. नोंदीने सार्वभौम हक्काला बाध येत नाही, असे कलम २ सांगते. निकडीच्या राष्ट्रीय हितासाठी स्थळाची हद्द कमी करण्याचीही मुभा देते.

लोकांचा रोजगार बंद पडतो, हा दुसरा आक्षेप. करार मनाई सांगत नाही, सुज्ञ वापर सांगतो. हाँगकाँगमधली माई पो दलदल १९९५ मध्ये यादीत आली. भरतीचे पाणी दारांतून आत घेऊन कोळंबी वाढवण्याची तिथली जुनी तळी नोंदीनंतरही राहिली.

सावित्री पाणथळ ठरतच नाही, हा तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. भारताच्या २०१७ च्या नियमांनी नदीपात्र आणि भातखाचरे पाणथळीच्या व्याख्येतून वगळली आहेत. पण करार वाहते पाणी, खारे पाणी आणि मानवनिर्मित जागाही पाणथळ मानतो. व्याख्या आखडली ती देशात. ती दुरुस्त करायची सोडून तिचाच आधार घेऊन सावित्रीला अपात्र ठरवणे चुकीचे आहे.

महाबळेश्वरच्या डोंगरातून उतरलेल्या सावित्रीला महाडजवळ गांधारी आणि पुढे काळ नदी मिळते. समुद्राची भरती महाडपर्यंत चढते. पूर्वी लहान गलबते तिच्याबरोबर वर येत. घाटातला पूर आणि भरती एका वेळी आली की पाण्याला ओसरायला वाट उरत नाही. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये महाडने ते सोसले. अशा वेळी पाणी पसरते ते खलाटीत आणि खाजणात. तिथे भराव पडला तर तेच पाणी बाजारपेठेत आणि घरांत चढते, म्हणून या सखल जमिनीला मोकळी जमीन समजणे घातक आहे. पात्रात मगरी आहेत, खाली खाडीत कांदळवने आहेत. अशा कांदळवनांसारखी, माशांची पैदास आणि पिल्लांची वाढ जिथे होते ती जागा रामसरच्या आठव्या निकषात बसू शकते. खाडीचा एक काठ रायगडमध्ये आणि दुसरा रत्नागिरीत असल्याने दोन्ही जिल्ह्यांचे एकत्र सर्वेक्षण करून राज्याने प्रस्ताव केंद्राकडे पाठवायला हवा.