विश्लेषण : सॉकेट स्वस्त हवे, पण काटकसर नेमकी कशात करायची?

सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतींत आणि उरल्यासुरल्या वाड्यांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली भाड्याने राहतात. ज्या खोलीत कधीकाळी एक दिवा, एक पंखा आणि रेडिओपुरता टू-पिन पॉइंट होता, तिथे आता लॅपटॉप, इस्त्री, इंडक्शन शेगडी आणि कुठे कुठे गीझरही आहे. त्यामुळे घरमालक नवे पॉइंट काढून घेतात आणि वायरमनला सांगतात, ‘जरा स्वस्तातलं बघा.’ सॉकेट मालक निवडतो, वापरतो मात्र भाडेकरू. घोळ इथूनच सुरू होतो.

६ की १६ ॲम्पिअर?

घरगुती सॉकेट प्रामुख्याने दोन प्रकारचे : ६ आणि १६ ॲम्पिअरचे. जुने वायरमन त्यांनाच ५ आणि १५ म्हणतात. २००० वॉटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पिअर प्रवाह घेते, ३००० वॉटचा गीझर १३. म्हणजे दोन्ही ६ ॲम्पिअरच्या सॉकेटच्या कुवतीबाहेर. तरीही ‘कन्व्हर्टर’ लावून मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवली जाते. दुकानात तो कन्व्हर्टर किरकोळ पैशात मिळतो आणि खोलीतली सर्वात धोकादायक वस्तू बहुधा तीच असते.

स्वस्त सॉकेट जळते कसे?

सॉकेटमध्ये पिन पकडणारी पट्टी चांगली असेल तर ती पितळेची आणि पुरेशी जाड असते. भाव पाडायचा तर पहिली कात्री या धातूलाच लागते. मे २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनाला ११ हजार डॉलरचा टप्पा ओलांडला होता, आणि पितळेत मुख्य धातू तांबेच. पट्टी पातळ झाली की काही महिन्यांत तिची पकड सैल होते. सैल सांध्याचा रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी ८.७ ॲम्पिअरला तिथे सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. एखाद्या सोल्डरिंग आयर्नएवढी आच, तीही भिंतीतल्या बंद डब्यात किंवा लाकडी पट्टीवर.

अशा वेळी एमसीबी पडत नाही. प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबीच्या लेखी सगळे ठीक चाललेले असते. गळतीचा प्रवाह ओळखणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी शॉक लागण्यापासून वाचवतो, पण ही आच त्यालाही कळत नाही. ‘एमसीबी आहे ना, मग काय होतंय’ हा भरवसा म्हणूनच अपुरा आहे.

आयएसआय शिक्का खरा कसा ओळखायचा?

सॉकेट-प्लगसाठी ‘आयएस १२९३’ आणि बटणांसाठी ‘आयएस ३८५४’ ही भारतीय मानके आहेत. सॉकेटसाठी मानक सक्तीचे करणारा ‘इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२३’ केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये अधिसूचित केला. छोट्या आणि सूक्ष्म उद्योगांना अंमलबजावणीसाठी जादा मुदत दिली होती. शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि कोणत्या मालासाठी आहे ते दिसते. दुकानात उभ्याउभ्या होणारे काम आहे. नुसता छापलेला शिक्का पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही.

मग पैसे वाचतात कुठे?

मॉड्युलर मालात. लक्ष्मी रस्ता ओलांडून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले की सॉकेटचा सुटा भाव सांगितला जातो, पण मॉड्युलर पॉइंट नुसत्या सॉकेटने पूर्ण होत नाही. सॉकेटला सहसा दोन मॉड्युलची जागा लागते, बटणाला एक. त्यावर तीन मॉड्युलची प्लेट, मागची फ्रेम आणि भिंतीतला डबा. एका कंपनीचे मॉड्युल दुसरीच्या प्लेटमध्ये सहसा बसत नाही. मालिका बंद झाली की एका बटणासाठी अख्खी प्लेट बदलायची वेळ येते.

जुन्या धाटणीचे, बोर्डावर स्क्रूने बसणारे आयएसआय सॉकेट दिसायला साधे असते. पण ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकाच बोर्डावर चालते, आणि खराब झाले तर तेवढेच बदलता येते. भाड्याच्या खोलीसाठी हाच पर्याय शहाणपणाचा. प्लेटवर वाचलेले पैसे तारेवर घालावेत : दिव्या-पंख्याला १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. आणि खरे अर्थिंग. तीन भोकांचे सॉकेट बसवून वरचे भोक कोरडे ठेवण्याची पद्धत जुन्या घरांत अजून आहे.

खरेदी करताना छोटे लोहचुंबक खिशात असावे. पितळेला ते चिकटत नाही. स्क्रूला चिकटले तर चालेल, पट्टीला चिकटले तर सॉकेट परत करावे. ‘बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील’ असेही ऐकू येते. सॉकेट-बटणांवरचा जीएसटी नोव्हेंबर २०१७ मध्येच २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो वाचवण्यासाठी बिल सोडले की माल बदलून मागण्याचा आधारच जातो.

दोन-तीन खोल्यांत पॉवर पॉइंट वाढवले की मंजूर जोडभारही अपुरा पडू शकतो. तो वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो आणि सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्यामुळे वायरमन ठरवतानाच त्याच्यामागे असा ठेकेदार आहे का, हे विचारून घ्यावे.