घोड्याचा आजार लपविला जाऊ नये

बुटीबोरी येथे नागपूर, वर्धा व हिंगणघाट या बाजूंचे रस्ते मिळतात. लग्नसराईत वरातीची घोडी अशा रस्त्यांनी गावोगाव जातात व मिळेल त्या हौदावर पाणी पितात. ग्लँडर्स हा रोग याच मार्गाने पसरतो. नाकातून चिकट, पिवळसर स्राव व अंगावर गाठी, व्रण ही त्याची लक्षणे होत. तो माणसासही होतो व त्यावर लस नाही. २००६ साली पुणे व पाचगणी येथे तो आढळला होता.

२००९ च्या कायद्यान्वये संसर्गजन्य रोगाची शंका येताच मालकाने गावी कळविणे बंधनकारक आहे. परंतु ग्लँडर्स सिद्ध झाल्यास जनावर मारावे लागते, म्हणून मालक गप्प राहतो. पोटाची चिंता कायद्याहून बलवत्तर असते, हे मान्य केले पाहिजे. यास्तव ग्रामकार्यकर्त्याने धाक न दाखविता प्रथम नुकसानभरपाईची माहिती द्यावी व ती विनाविलंब मिळवून देण्यास झटावे, असे आमचे मत आहे. पशुवैद्य येईपर्यंत आजारी घोडे वेगळे बांधावे. त्याची बादली, तोबरा व खरारा दुसऱ्यास वापरू नये.

जो मालक वेळेवर कळवितो, त्याने साऱ्या गावाची घोडी वाचविली असे समजावे.