पैसा आहे, परवाना कुठाय?

‘खनिजं हा बाजाराचा प्रश्न आहे. पैसा मोजला की माल मिळतो. चीनलाही गिऱ्हाईक हवंच असतं. इथले डोंगर उकरण्यापेक्षा आयात स्वस्त.’ उद्योजकांच्या मेळाव्यात एका विद्वान वक्त्यांनी हे सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांसमोर असं बोलायला धजावतात कसे, याचा मला संताप येतो.

एसजी आयर्नच्या, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाच्या, प्रत्येक लॅडलमध्ये फेरो सिलिकॉन मॅग्नेशियम पडतं. त्यात बहुधा थोडं सिरियमही असतं. मॅग्नेशियम कमी पडलं तर ग्रॅफाइटचे गोळे बनत नाहीत आणि कास्टिंगची ताकद जाते. मग ते ट्रॅक्टरचं असो की तोफेच्या गाड्याचं. जगातलं बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये तयार होतं. २०२१ मध्ये तिथल्या शान्शी प्रांतात वीज वाचवण्यासाठी भट्ट्या थंडावल्या, तेवढ्याने युरोपातल्या कारखानदारांच्या तोंडचं पाणी पळालं. तिथे कुणी वैरही धरलं नव्हतं. ठरवून अडवलं तर काय होतं, ते ४ एप्रिल २०२५ नंतर दिसलं. चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. आपल्या वाहन कंपन्यांकडे पैसा होता, ऑर्डर होत्या. तरी त्या परवान्यासाठी ताटकळल्या. वक्त्यांचा बाजार तेव्हा कुठल्या गावी भरला होता? मोटारी थांबल्या तर तोटा होतो. हीच चुंबकं क्षेपणास्त्रांच्या सुकाणूतही असतात, तिथे तोट्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिणार?

गिऱ्हाईक हवंच असतं म्हणे. सीमेवर ज्याच्याशी वाद, तो आपलं गिऱ्हाईकपण सांभाळत बसत नाही.

डोंगरांचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. खाण की जंगल, हा वाद राधानगरी-शाहूवाडीत जुना आहे आणि त्यात मी जंगलाच्या बाजूने बोललो आहे, पुढेही बोलेन. तेव्हा मला ‘विकासविरोधी’ म्हणणारेच आज आयातीच्या समर्थनासाठी पर्यावरण आठवतात, हे मात्र सहन होत नाही.

नवा डोंगर फोडायची गरजही नाही. राधानगरीतल्या दुर्गमानवाडचं बॉक्साइट बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याकडे गेलं. बॉक्साइटमध्ये टनामागे साधारण ५० ग्रॅम गॅलियम असतं. कॉस्टिक सोड्यात अॅल्युमिना विरघळताना तेही बरंचसं विरघळतं आणि फिरून वापरल्या जाणाऱ्या द्रावणात साठत राहतं. नव्या लढाऊ विमानांच्या रडारला हाच धातू लागतो. जगातलं जवळजवळ सगळं गॅलियम चीन काढतो आणि ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीलाही परवान्याची अट आहे. देशातल्या अॅल्युमिना कारखान्यांनी ते द्रावणातून वेगळं काढावं. महाग पडेल, पडू दे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांसाठी १६,३०० कोटींचं अभियान मंजूर केलं आहे. त्यातून खरेदीची हमी द्यावी, जुन्या मोटारींतली चुंबकं परत मिळवावीत आणि फाउंड्र्यांसाठी सहा महिन्यांचा मॅग्नेशियमचा साठा शिरोलीतच ठेवावा.