मी म्हणजे कोण?

‘कोऽहम्’ या प्रश्नासाठी आमच्या वेदान्त्यांनी ग्रंथांमागून ग्रंथ रचले. हिब्रू भाषेने तो एका अक्षरात गुंडाळून ठेविला आहे. त्या भाषेत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. हे ज्ञान आम्हांस कोणा पंडिताकडून नव्हे, तर एका बेने इस्रायल स्नेह्यांच्या पत्रांतून झाले. अलिबागेकडील शाळेत ते आमच्या बरोबरीने गणित शिकवीत. इ. स. १९९४ मध्ये पत्नी, कन्या व पुत्र यांसह ते इस्रायलास गेले आणि दिमोना या वाळवंटातील गावी राहिले. प्रार्थनेपुरती हिब्रू त्यांस मुखोद्गत होती. परंतु संध्या पाठ असलेल्या आपल्यापैकी कितीजण संस्कृतात भाजी विकत आणू शकतील?

नवागतांसाठी तिकडे ‘उल्पान’ नावाचे भाषावर्ग असतात. तेथे हे जाऊ लागले, मुले शाळेत. मुलांची जीभ चार-सहा महिन्यांत सुटली. वडिलांची मात्र पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याच्या दारापाशी अडली. दार ठोठावताच आतून आवाज आला, “मी शाम?” ‘शाम’ म्हणजे ‘तेथे’, अर्थात ‘कोण आहे तिकडे?’ यांस वाटले, गृहस्थ आपले नाव सांगत आहेत. यांनीही नम्रपणे उत्तर दिले, “मी!” आतल्याने ऐकले, ‘कोण?’ असा संवाद तीन-चार वेळा झाल्यावर दार उघडले. पुढे पंधरा दिवस हे त्या यहुदी गृहस्थांस ‘शामराव’ म्हणत होते.

हिब्रूत वारांस ग्रहांची नावे नाहीत, क्रमांक आहेत. सोमवार हा दुसरा दिवस, म्हणून ‘योम शेनी’. एका कचेरीने ‘योम शेनी’स बोलाविले, ते हे शनिवारी गेले! कोकणात यांच्या पूर्वजांस ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. अशा कुळातील पुरुषाने शब्बाथच्या दिवशी, बस नाही म्हणून उन्हातून पायी जाऊन, कचेरीचे कुलूप पाहून यावे!

लिपीचा प्रकार तर आमच्या मोडीहूनही वरचढ. रोजच्या लिखाणात स्वरचिन्हे बहुधा घालीतच नाहीत. ‘सेफर’ म्हणजे पुस्तक आणि ‘सपार’ म्हणजे न्हावी, दोहोंची तीन अक्षरे तीच. पाटी वाचून हे पुस्तक घ्यावयास आत शिरले. खुर्चीवर बसवून कोणी गळ्याभोवती फडके बांधले, तेव्हा नकाराचे वाक्य वेळेवर सुचेना. केस कापवून घरी आले. कन्येजवळ बसून पाठ केल्यामुळे बाजारातही ‘अनी रोत्सा’, म्हणजे ‘मी इच्छिते’, असे मिशा असूनही म्हणत. मराठीत ‘जातो–जाते’ हा भेद असता ही चूक व्हावी, म्हणून आम्ही त्यांस पत्रातून बोल लाविला. त्याच पत्रोत्तरात हात, डोळे इत्यादिकांस हिब्रूत द्विवचन असल्याचे वाचून मात्र आमचा सारा राग गेला.

असो. एके दिवशी मुलाच्या शाळेतून बोलावणे आले. बाई बोलत होत्या आणि अकरा वर्षांचा पुत्र दुभाषा होता. “आबा, बाई म्हणतात, माझी प्रगती फार चांगली आहे.” यांस फारसे समजत नव्हते, पण ‘लो’ म्हणजे ‘नाही’ हे ठाऊक होते, आणि बाईंच्या बोलण्यात ते सात वेळा आले. सात ऋणचिन्हांचा गुणाकार धन येत नाही, हे गणिताच्या मास्तरांस कोणी सांगावयास नको.

त्या रात्रीचे पत्र आम्ही जपून ठेविले आहे. “मास्तर,” ते लिहितात, “मुलाची तक्रार मुलाच्याच तोंडून ऐकावी लागते, त्या घरात बाप कोण? मी त्याला रागे भरलो नाही. रागे भरण्यापुरतीसुद्धा भाषा मजजवळ राहिली नाही. त्याला आता माझी मराठी तोकडी वाटते.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलाशी करार केला. रात्री जेवणानंतर एक तास मुलाने यांस हिब्रूचे पहिले पुस्तक शिकवावे, चुकीस एक उठाबशी. दुसरा तास यांनी त्यास गणित शिकवावे, ते मात्र मराठीतून. पहिल्या महिन्यात उठाबशा वडिलांच्याच अधिक झाल्या. गुडघे धरले, असे त्यांनी कळविले. मुलगा ‘पावकी–निमकी’ म्हणू लागल्याचेही त्याच पत्रात होते.

यहुद्यांत वडिलांस ‘अब्बा’ म्हणतात. तेवढा एक शब्द यांस शिकावा लागला नाही. आता मुलगा स्वतः दोन लेकरांचा बाप आहे. सायंकाळी हे फिरून येऊन दार वाजवितात, तेव्हा नातवंडे आतून ओरडतात, “मी शाम?” आणि हे अजून उत्तर देतात, “मी!” धाकटी नात मग मराठीतून विचारते, “मी म्हणजे कोण?”

त्याशिवाय दार उघडत नाही.