फुरसतीचा वेळ : पहिला मेक कोणता घ्यावा?

इंदूरच्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. त्यांचा १६ वर्षांचा मुलगा गेला महिनाभर संगणकावर ‘मेकवॉरिअर ऑनलाइन’ नावाचा यंत्रयोद्ध्यांचा खेळ खेळत आहे. उसन्या यंत्रांवर लढून त्याने खेळातील चलन साठविले आहे, आणि ते सगळे खर्चून त्यास १०० टनांचे, सर्वांत मोठे यंत्र घ्यावयाचे आहे. थोरली बहीणही तोच खेळ खेळते. ती म्हणते, लहान आणि चपळ यंत्र घे. वाद इतका वाढला की, दोन दिवस भावंडे जेवतानाही एकमेकांशी बोलली नाहीत. अखेर चिरंजीवांनी तोड काढली : आईने थोडे खरे रुपये दिले, तर दोन्ही यंत्रे घेता येतील! भगिनी लिहितात, ‘‘मला यातले काही कळत नाही. परंतु नाही म्हणावयाचे, तर आपण कशाला नाही म्हणत आहोत हे तरी मला ठाऊक असावे.’’

हे वाक्य आम्हांस फार आवडले. म्हणून या वेळचे पान याच प्रश्नास देत आहोत.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. मेक म्हणजे दोन पायांवर चालणारे, घराहून उंच असे काल्पनिक लढाऊ यंत्र. आत बसून चालक ते हाकतो. या कल्पनेचा जन्म संगणकावर झालेला नाही. १९८४ साली अमेरिकेतील शिकागो शहरात ‘फासा’ या संस्थेने षटकोनी घरांच्या पटावर, फाशांनी खेळावयाचा एक खेळ काढला. पुढे तो ‘बॅटलटेक’ या नावाने प्रसिद्ध झाला. प्रत्येक यंत्राचा एक कागद असे. चिलखतास मार बसला की, त्यावरील वर्तुळे पेन्सिलीने खोडावयाची. कॅनडातील व्हँकूव्हरच्या ‘पिरान्हा गेम्स’ या संस्थेने २०१३ साली रीतसर प्रसिद्ध केलेला हा खेळ त्याच पटाचा वंशज होय. वजनाचा हिशेब, चिलखताचे निरनिराळे भाग आणि तापणारी शस्त्रे या तिन्ही गोष्टी त्याने जुन्या कागदावरूनच घेतल्या आहेत.

नेहमीच्या सामन्यात १२ जणांचे दोन पक्ष असतात. आपले यंत्र एकदा मोडले की, त्या सामन्यात पुन्हा उतरता येत नाही. येथे घाईची किंमत लगेच मोजावी लागते, आणि म्हणूनच पहिल्या यंत्राची निवड महत्त्वाची ठरते.

वजनावरून मेकचे चार वर्ग केलेले आहेत. २० ते ३५ टन हलका, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड आणि ८० ते १०० अतिजड. नवख्याचे मन सहसा दोन टोकांकडे धावते. आपल्या पत्रातील भावंडांचेही तसेच झाले आहे. म्हणून दोन्ही टोके तपासून पाहू.

‘अ‍ॅटलस’ हे १०० टनांचे यंत्र पाहताच छाती दडपते. पण त्याच्या मूळ एंजिनावर ते ताशी ५० किलोमीटरांचाही वेग गाठत नाही. सामन्याच्या आरंभी एकदा वाट चुकली की, सोबती पुढे निघून जातात आणि हा ऐरावत एकटा मागे राहतो. मग शत्रूची दोन लहान यंत्रे पाठीमागून येऊन त्याचा फडशा पाडतात. शिवाय इतके चिलखत ज्याच्या अंगावर आहे, त्याने पुढे उभे राहून मार झेलावा अशी पक्षाची अपेक्षा असते. केव्हा पुढे व्हावे आणि केव्हा मागे सरावे, हे अनुभवावाचून समजत नाही. नवखा एक तर भिऊन भिंतीआड उभा राहतो, नाहीतर एकटाच पुढे जाऊन कोसळतो.

आता दुसरे टोक. ‘जेनर’ हे ३५ टनांचे यंत्र ताशी सुमारे ११३ किलोमीटर धावते. चालविण्यास मोठी मौज वाटते, यात शंका नाही. परंतु त्याचे सारे संरक्षण त्याच्या वेगात आहे. खडकास अडखळून क्षणभर थांबले की संपले. त्यासाठी प्रत्येक रणभूमीच्या वाटा तोंडपाठ हव्यात. आपल्या देशातील खेळाडूंना आणखी एक अडचण असते. सामन्यासाठी उत्तर अमेरिका, युरोप अथवा ओशिआनिया यांपैकी एक विभाग निवडावा लागतो. एवढ्या दूर संदेश जाऊन परत येईपर्यंत थोडा विलंब होतोच, आणि चपळ यंत्र चालविणाऱ्यास तो अधिक जाणवतो.

तात्पर्य, बहीण व भाऊ दोघेही थोडे चुकत आहेत. आमच्या मते पहिले स्वतःचे यंत्र मध्यम वर्गातील, ५० टनांचे असावे. त्यातही दोन नावे सुचवितो.

पहिले ‘हंचबॅक’, म्हणजे कुबडा. त्याच्या उजव्या खांद्यावर उंचवटा असून एका प्रसिद्ध प्रकारात तेथे १४ टनांची मोठी तोफ बसविलेली असते. तोफेचा पल्ला जवळचा, सुमारे २७० मीटरांचा. पण एकेक गोळा असा बसतो की, शत्रूस वाट बदलावी लागते. दुसऱ्या एका प्रकारात तोफेच्या जागी लेसरांचा पुंजका येतो. त्यास दारूगोळा लागत नाही. वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे सोबत्यांबरोबर राहण्यास पुरेसा. उणीव एवढीच की, तो उंचवटा सर्वांच्या डोळ्यांत भरतो आणि शत्रू प्रथम त्यावरच नेम धरतो.

दुसरे ‘सेंच्युरियन’. याच्या डाव्या हातात शस्त्र नसते, म्हणून तो हात ढालीसारखा पुढे करता येतो. छातीच्या मध्यभागी दोन लेसर असतात. साधे एंजिन ठेवले, तर दोन्ही बाजू गमावूनही हा गडी लढत राहतो. नवख्यास यापरता चांगला गुरू नाही. चुका करूनही थोडा वेळ जिवंत राहावयास मिळते, आणि त्या वेळातच माणूस शिकतो.

एंजिनाविषयी येथेच एक सूचना. ‘एक्सएल’ जातीचे एंजिन वजनाने पुष्कळ हलके असल्यामुळे मोह पाडते. पण इनर स्फिअर पक्षाच्या यंत्रांत ते बसविले आणि छातीची एक बाजू गेली की, सारे यंत्रच नष्ट होते. पहिल्या यंत्रास साधे एंजिनच बरे.

तथापि खरेदीची घाई नको. खेळात प्रत्येक वर्गाची चाचणीची यंत्रे फुकट चालवावयास मिळतात. त्यांत फेरफार करता येत नाही, परंतु त्यांवर लढूनही चलन मिळतेच. नव्या खेळाडूस पहिल्या २५ सामन्यांत नेहमीहून अधिक चलन मिळते, आणि ही संधी एकदाच येते. ते चलन भलत्या यंत्रावर घातले, तर विकतेवेळी निम्मीच किंमत हाती पडते आणि उरलेले निम्मे पुन्हा मिळविण्यात अनेक संध्याकाळी जातात. विकत घेण्यापूर्वी चारही वर्गांतील उसनी यंत्रे चालवून पाहावीत, हे यासाठीच सांगावयाचे.

यंत्र हाती आल्यावर काय शिकावे, तेही थोडक्यात सांगतो.

पहिला धडा चालण्याचा. मेकचे पाय एकीकडे आणि धड दुसरीकडे वळू शकते. नवखा डावीकडे पाहत राहतो, पाय समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतात, आणि यंत्र बिघडले असे त्यास वाटते! शिकवणीच्या भागात अर्धा तास घालविला की, ही सवय अंगवळणी पडते. तेथे कोणी गोळी झाडणारे नसते. लाज वाटण्याचे कारण नाही.

दुसरा धडा उष्णतेचा. प्रत्येक शस्त्र झाडताना यंत्र तापते, आणि मर्यादा ओलांडली की ते काही सेकंद जागच्या जागी बंद पडते. चुलीवरील दुधाकडे ज्यांनी लक्ष ठेवले आहे, त्यांस हे सांगावयास नको : उतू जाण्याच्या आधीच विस्तव कमी करावा. सगळी शस्त्रे एकाच कळीला न बांधता त्यांचे दोन गट करावेत. लेसरचा झोत सुमारे एक सेकंद एकाच जागी धरावा लागतो. तो इकडेतिकडे फिरविला, तर उष्णता आपल्या पदरी आणि शत्रूस नुसता शेक.

तिसरा धडा अंग चोरण्याचा. शस्त्र झाडून झाले की, तोफ पुन्हा भरेपर्यंत धड फिरवून खांदा पुढे करावा. मार एकाच ठिकाणी न बसता वाटला जातो. पाठीचे चिलखत पातळ असते, म्हणून शत्रूस पाठ दाखवून पळू नये. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरावे.

चौथा धडा सोबतीचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा. बाराजणांच्या पक्षात जो एकटा भटकतो, तो प्रथम पडतो. मध्यम यंत्राच्या चालकाने एखाद्या जड सोबत्याच्या बाजूस राहावे आणि तो ज्यावर नेम धरतो त्यावरच आपणही धरावा. दूर उभे राहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडण्याचा मोह आरंभी पुष्कळांना होतो. परंतु इनर स्फिअरची ती क्षेपणास्त्रे १८० मीटरांच्या आत निरुपयोगी ठरतात; शत्रू जवळ आला की, हात बांधल्यासारखी अवस्था होते.

आता, भगिनी, आपल्या प्रश्नाकडे येतो. रुपये देण्याची गरज नाही. पैसे देऊन मिळणाऱ्या यंत्राबरोबर कौशल्य मिळत नाही, आणि आम्ही सुचविलेली यंत्रे खेळातील चलनातून घेता येतात. हे कारण मुलास सांगून नाही म्हणा. कारणासहित दिलेला नकार मुले पचवितात. वेळेविषयीही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सामना साधारणतः १५ मिनिटांच्या आत संपतो, परंतु मध्येच थांबविता येत नाही, आणि एकजण उठून गेला तर अकराजणांचे नुकसान होते. म्हणून ‘‘आत्ताच्या आत्ता ऊठ’’ म्हणण्याऐवजी ‘‘हा सामना संपला की पान घेते’’ असे म्हणावे. त्यानंतर मात्र नवा सामना सुरू होता कामा नये.

आणि भावंडांच्या वादासाठी हा उपाय करून पाहा. एक वही घ्या. भावाने १० सामने चाचणीच्या अतिजड यंत्रावर आणि बहिणीने १० सामने हलक्यावर खेळावेत. मग अदलाबदल करावी. प्रत्येक सामन्यानंतर वहीत एकच ओळ लिहावी : आपण कशाने पडलो. एकटे राहिल्यामुळे, तापल्यामुळे की पाठ दाखविल्यामुळे? चाळीस ओळी झाल्या की, दोघांनी ती वही एकत्र बसून आपणांस वाचून दाखवावी. कोणते यंत्र घ्यावे, याचे उत्तर त्या ओळींतच सापडेल. ते आमच्या उत्तराहून वेगळे निघाले, तरी आम्हांस वाईट वाटणार नाही. त्या दिवशी दोघे एका ताटाशी बसून बोलत असतील, हे आम्हांस पुष्कळ आहे.

निकाल अवश्य कळवावा.