आठवणींचा कच्चा माल

अमरावती आणि अकोला या शहरांतील मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एका नव्या काचेच्या कपाटाची भर पडली आहे. मुलगा अमेरिकेत संगणकाच्या कंपनीत, मुलगी जर्मनीत शिकावयास, आणि निवृत्त आईवडील वर्षाआड सहा महिने त्यांच्याकडे, अशी कुटुंबे आता वऱ्हाडात विरळा राहिलेली नाहीत. परदेशवारीच्या खुणा त्या कपाटात मांडलेल्या असतात. आयफेल मनोऱ्याची वीतभर प्रतिकृती, लंडनच्या दुमजली बसचे खेळणे, आणि शीतकपाटाच्या दारावर चुंबकाने चिकटलेली गावांची नावे. यांतील पुष्कळशा वस्तू ज्या शहराची खूण म्हणून मिरवतात त्या शहरात तयार झालेल्या नसतात. त्या कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात साच्यातून निघतात. पॅरिसची आठवण पॅरिसमधल्या दुकानातून घेतलेली असली, तरी पॅरिसच्या मातीशी, माणसांशी आणि ती विकत घेणाऱ्याच्या अनुभवाशी तिचा संबंध पावतीपुरताच असतो.

आठवण जपण्याच्या इच्छेची टर उडवण्याचे कारण नाही. माणूस प्रवासाहून परततो तेव्हा जे पाहिले ते निसटून जाईल ही भीती त्याच्या मनात असते, आणि हाताला धरता येईल असे काही तरी त्याला हवे असते. पंढरपूरहून परतणारा वारकरी बुक्का आणि तुळशीची माळ आणतो ती याच भावनेने. प्रश्न एवढाच आहे की, ही खूण माणसाने स्वतः घडवावी की तयार विकत घ्यावी? प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. वऱ्हाडासारख्या प्रदेशापुरता तरी तो किरकोळ नाही, कारण कच्चा माल बाहेर धाडून पक्का माल विकत घेण्याची शिक्षा या प्रदेशाने दीडशे वर्षे भोगली आहे.

तो इतिहास थोडक्यात आठवावा. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीकडे वळली. अमरावतीच्या जुन्या ‘उमरावती’ या नावावरून येथील कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ असे नाव पडले. लोहमार्ग आले, १८७० साली खामगावच्या बाजारपेठेपर्यंत फाटा घातला गेला आणि त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद मापाची गाडीही, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत, मुख्यतः कापूस वाहण्यासाठीच निघाली. गठ्ठे मुंबईमार्गे समुद्रापार गेले आणि त्यांतले पुष्कळ कापड होऊन परत आले. सरकी पेरणाऱ्याच्या वाट्याला हंगामाचा भाव आला; कातणे, विणणे, रंगवणे या कामांतील मूल्य दुसऱ्याच्या पदरात पडले. घरचे सूत कातणारे आणि गावचे विणकर मात्र हळूहळू बसले.

आज परदेशी जाणारा वऱ्हाडी माणूस आपल्या अनुभवाच्या बाबतीत नेमका हाच व्यवहार करतो. त्याने पाहिलेले, ऐकलेले, सोसलेले जे काही असते तो कच्चा माल होय. त्यावर स्वतः काही संस्कार न करता तो साच्यातली वस्तू खरेदी करतो आणि तिलाच आठवण म्हणतो. शंभर प्रवासी शंभर निरनिराळे अनुभव घेऊन येतात आणि शंभरांच्या कपाटात एकच मनोरा उभा राहतो. अनुभव व्यक्तीचा आणि खूण मात्र बाजाराची, असा हा प्रकार आहे.

याउलट उदाहरणे शोधावयास वऱ्हाडाबाहेर फारसे जावे लागत नाही. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे लोकमान्यांचे निकटचे सहकारी. होमरूलच्या कामासाठी १९१९ साली ते इंग्लंडमध्ये होते. रोजनिशी लिहिण्याचा त्यांचा परिपाठ असे, आणि त्यांच्या रोजनिशा आज इतिहासाचे साधन मानल्या जातात. दिवसाकाठी दहा ओळी स्वहस्ते लिहिणे ही आठवण घडवण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ रीत होय. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्याने जगाला कबड्डीचे आणि देशी व्यायामांचे दर्शन घडवले. त्या तरुणांनी नेले ते अंगचे कसब.

आणि शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामात, १९३६ सालापासून ज्यांचे वास्तव्य होते त्या गांधीजींची गोष्ट तर या विषयाला अगदी चपखल लागू पडते. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला. गांधीजींचे जर्मन मित्र हर्मन कॅलनबाख यांनी तेथील ट्रॅपिस्ट मठात चपला करण्याची विद्या शिकून घेतली आणि ती फार्मवर आणली. गांधीजी ती त्यांच्याकडून शिकले. पुढे तुरुंगात असताना त्यांनी एक जोड तयार केला आणि तो ज्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात घातले होते त्या जनरल स्मट्स यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो अनेक उन्हाळे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मित्रभावाने परत केला. वैश्य कुळातील बॅरिस्टराने कातड्याचे काम शिकावे, यात जातिव्यवस्थेवरचा घावही होता. आफ्रिकेतून त्यांनी आणलेली खरी खूण ही हातातली विद्या होती. परदेशातून आणण्यासारख्या वस्तूंत याहून मोलाची वस्तू सापडणे कठीण.

परंतु सर्वांनाच चर्मकला शिकता येणार नाही, हे उघड आहे. सामान्य माणसाने काय करावे? वऱ्हाडातल्या बायकांनी याचे उत्तर केव्हाच शोधून ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे गोधडी. जुनी लुगडी, धोतरे, पोरांची झबली यांचे थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर निवडक तुकडे मांडायचे, कडेने लुगड्याचे काठ लावायचे आणि धावदोऱ्याने कडेकडून मध्याकडे शिवत यायचे. गोधडीत घराचा इतिहास असतो. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हा थोरल्याच्या पहिल्या सदऱ्याचा, असे बोट ठेवून सांगता येते. मग परदेशातील सहा महिन्यांत अंगावर असलेला सदरा, बर्फात गुंडाळलेला गळपट्टा, बाजारहाटाची कापडी पिशवी, नातवाचे आखूड झालेले कपडे यांची गोधडी का होऊ नये? तिला खर्च सुईदोऱ्याचा. ती शिवताना प्रत्येक तुकड्याबरोबर एकेक प्रसंग पुन्हा सांगितला जातो, आणि आठवण पक्की होते ती या सांगण्यातून. वऱ्हाडाने ज्यांना अंतःकरणात स्थान दिले ते गाडगेबाबा चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरीत, म्हणून लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ही म्हणत. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी वाढलेल्या या पुरुषाने चिंधीला जी प्रतिष्ठा दिली, ती काचेच्या कपाटाला कधीही लाभणार नाही.

परदेशवारी ही केवळ सुस्थितांची मिरास नाही, हेही ध्यानात घ्यावे. अचलपूर, बाळापूर, अकोट येथील किती तरी मुस्लिम कुटुंबांत पै-पै साठवून हजयात्रा घडते; खजूर, झमझमचे पाणी आणि जानमाज घेऊन यात्रेकरू परततात. कोणी तरुण आखाती देशांत मजुरीला जातो आणि येताना आईसाठी जाड ब्लँकेट आणतो. या माणसांच्या आठवणींत श्रद्धा आहे, घामही आहे. हे जानमाज आता बहुधा यंत्रावर विणलेले असतात. अकोटच्या सुती सतरंज्यांचे नाव एकेकाळी दूरवर होते. मक्केहून परतलेल्या वृद्धाच्या नावाने गावच्या हातमागावर एक सुती जानमाज विणला जावा, त्याच्या कडेला यात्रेचे वर्ष विणून घ्यावे, याहून सुंदर खूण कोणती?

मेळघाटाचे उदाहरण या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने १९९० नंतरच्या दशकात संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. कोरकू तरुण-तरुणी तेथे बांबूच्या कामट्यांपासून नाना वस्तू करतात. तेथील बांबूच्या राख्या परदेशांतही गेल्या आहेत. म्हणजे परदेशस्थ वऱ्हाडी माणसाच्या मनगटावर मेळघाटाची खूण पोहोचते, आणि तीही कारागिराच्या हातची. तथापि या कारागिराची वाट सरळ नव्हती. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवले, त्यामुळे गवताच्या जातीचे हे पीक तोडणे आणि वाहून नेणे हा आदिवासींच्या दृष्टीने गुन्ह्याचा विषय होऊन बसला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला, आणि २०१७ साली वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरती झाडाची व्याख्या बदलली गेली. ज्याच्या हातात कला आहे त्याच्या हाती कच्चा माल नाही, ही स्थिती पालटावयास नव्वद वर्षे लागली. हस्तकलेवर प्रेम करणाऱ्यांनी वस्तूंच्या नक्षीबरोबर हे कायदेही वाचले पाहिजेत.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. हाताने वस्तू करण्याची हौस ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? ज्या बाईला रोज निंदणाला जावे लागते, तिला सुईदोऱ्यातला आनंद काय सांगावा? २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत अमरावती आणि अकोला होते, आणि ती जाहीर करावी लागली ती शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अशा प्रदेशात आठवणींच्या गोधड्यांची चर्चा शोभते काय?

आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर व्यवहारातूनच द्यावे लागेल. ज्याला स्वतः शिवता येते त्याने स्वतः शिवावे. त्यात पुरुषांनीही मागे राहू नये, सुई काही स्त्रियांच्याच नशिबी लिहिलेली नाही. ज्याला जमत नाही त्याने गावातल्या बाईकडून शिवून घ्यावे, आणि येथेच खरी कसोटी आहे. हातशिलाईची गोधडी पुरी व्हावयास कित्येक दिवस लागतात. तरीही ‘फावल्या वेळचे काम’ म्हणून तिचा मोबदला ठरवला जातो, जणू बाईच्या वेळेला किंमतच नाही! विमानतळावरच्या दुकानात वीतभर खेळण्याला घासाघीस न करता पैसे मोजणारा माणूस गोधडी शिवणारीशी मात्र शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. शिवणकामाचे दिवस मोजावे, दिवसाला निदान सरकारने ठरवलेले किमान वेतन द्यावे आणि कसबाचे त्यावर काही अधिक द्यावे. हे न करता हस्तकलेचे गोडवे गाणे हा ढोंगीपणा ठरेल. यंत्राला विरोध करण्याचाही येथे हेतू नाही. अंगावरचे कापड यंत्राने विणले तर बिघडत नाही. पण आठवणही यंत्राकडून घ्यावी लागावी, इतके दारिद्र्य कोणावर येऊ नये.

दुसरे एक पथ्य पाळावयास हवे. खूण आणावयाची म्हणजे परक्या भूमीतून ओरबाडून आणावयाची नव्हे. इटलीतील सार्डिनिया बेटावर प्रवासी किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले उचलून नेऊ लागले तेव्हा तेथे ते कायद्याने बंद करावे लागले. आपल्या लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांचा संताप येत असेल, तर दुसऱ्याच्या किनाऱ्याचा दगड खिशात घालतानाही हात आखडला पाहिजे.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. अमरावती व अकोला येथील महिला बचत गटांनी परदेशी जाऊन आलेल्या कुटुंबांकडून जुने कपडे घेऊन गोधड्या शिवण्याचे काम, दर आधी जाहीर करून, हाती घ्यावे. शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी आपल्या आजोबांच्या किंवा मावशीच्या प्रवासाची एक वही हाताने लिहावी आणि शिवावी. त्यात मुंबईला वीटभट्टीवर जाऊन आलेल्या बापाचा प्रवासही तितक्याच मानाने यावा. ग्रंथालयांनी अशा वह्या जतन कराव्यात. परदेशस्थ वऱ्हाडी मंडळींनी येथून भेटी नेताना मेळघाटचा बांबू आणि गावचा हातमाग यांची आठवण ठेवावी, आणि मोल पुरते मोजावे.

वऱ्हाडचा कापूस परदेशी जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. तो शेतकऱ्याचे कष्ट घेऊन गेला, आणि ते कष्ट कोणाच्या हिशेबात धरले गेले नाहीत. आज त्याच शेतकऱ्याची नातवंडे विमानाने जातात आणि परत येतात. त्यांच्या गाठी अनुभव आहे. तो पिंजायचा, कातायचा आणि विणायचा कोणी, हे ठरवण्याची मोकळीक तरी या वेळी त्यांच्याच हाती आहे.